कर्करोगावरील माझ्या कीर्तीची विल्हेवाट

मी, इंद्रनील शरच्चंद्र पोतनीस, वय चौपन्न, व्यवसाय संस्कृत अध्यापन, राहणार अकोटा, बडोदे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टर म्हणतात प्रकृती उत्तम आहे. त्याचा मला काही उपयोग दिसत नाही. घाई एवढ्यासाठी, की माझी पत्नी डॉ. मुग्धा गेल्या आश्विनात मृत्युपत्र न करताच गेली, आणि तिच्यामागे नेमके काय राहिले हे ठरवणे मला फार जड गेले.

१. अकोट्याचे घर, बँकेतील ठेवी व स्कूटर कन्या अवंती हिला. स्कूटरचा पुढचा ब्रेक लागत नाही. मुग्धाचा मायक्रोस्कोप विकू नये.

२. माझे संस्कृत ग्रंथ आमच्या संस्थेला नको आहेत, असे संस्थेनेच कळवले आहे. ज्याला हवे त्याला द्यावेत. रद्दीवाल्याला सर्वांत शेवटी बोलवावे.

३. ज्येष्ठ बंधू गुणवंतराव, मुक्काम पादरा, यांना मुग्धाच्या शोधनिबंधांचा बांधीव संच. प्रत्येक लग्नात ते "आमचा इंद्रनील, कॅन्सरवर जगभर नाव आहे त्याचं," अशी माझी ओळख करून देतात. आतला मजकूर कोणाचा, हे त्यांना निदान कळावे.

४. आता ती कीर्ती. गुजरातेत रेशनकार्डापासून पदवीपर्यंत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, शेवटी वडिलांचे किंवा नवऱ्याचे. तोंडाच्या कर्करोगावरचा पहिला मोठा निबंध मुग्धाने परदेशी नियतकालिकाला पाठवला तेव्हा सवयीने तसेच लिहिले: पोतनीस मुग्धा इंद्रनील. तिकडे शेवटचे ते आडनाव. निबंध छापून आला तो 'इंद्रनील आणि सहकारी' यांचा.

करजण-पादऱ्याच्या दवाखान्यांतून गुटखा खाणाऱ्यांचे नमुने गोळा केले तिने, बसमध्ये डबा मांडीवर धरून. तोंडातला कोणता पांढरा चट्टा पुढे कर्करोग होऊन उलटेल, हे ओळखायची रीत तिची. आणि जगभर संदर्भ देतात तो माझा, ज्याला रक्त पाहून घेरी येते. आमचे संस्कृत टीकाकार पूर्वसूरींना नुसते 'केचित्', म्हणजे 'काही जण', म्हणून वाटेला लावतात. त्या मानाने बरेच म्हणायचे.

प्राध्यापकपदाच्या निवडीत समितीने तिच्या नावावरचेच निबंध मोजले. हा त्यात नव्हता. पद गेले. समितीच्या अध्यक्षांनी पुढे शोकसभेत तिच्या कार्याचा प्रभाव 'मर्यादित' असल्याचे सांगितले. त्यांना मी काहीही ठेवत नाही.

दुरुस्ती करून घे, म्हणून मी किती मागे लागलो. ती हसून म्हणाली, "काम खरं आहे ना? मग नाव कुणाचं का असेना. घरातलंच आहे."

५. ती गेल्यावर मीच नियतकालिकाला लिहिले. वारसाची संमती आली की नाव बदलू, असे उत्तर आले. संमतीपत्र टेबलावर आहे. कोणी तिच्या निबंधाचा संदर्भ दिला की मला सूचनेची मेल येते. परवा ब्राझीलहून आली: 'इंद्रनील, पोतनीस मुग्धा'. त्या एका ओळीत आम्ही दोघे अजून एकत्र राहतो. सबब, संमतीपत्र अवंतीने माझ्या मृत्यूनंतर पाठवावे.

येथवर लिहून साक्षीसाठी स्नेहलताबाई फणसे यांना बोलावले. प्रयोगशाळेत त्या मुग्धाच्या शेजारी बसत. त्यांनी सारे वाचले, चष्मा काढून पुसला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तिला तिचं नाव मिळायला तुम्ही मरायची वाट बघायची?"

त्यांचे यजमान जनार्दनराव चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

कलम ५ रद्द. संमतीपत्रावर सही करून ते आत्ताच, या दोघांसमक्ष, पाठवले. यापुढे मेल येईल ती तिच्या एकटीच्या नावाने. अवंतीने ती वाचत जावी.

कर्करोगाच्या शास्त्रात आजपासून माझ्या नावावर काहीही नाही. हे वाचून, समजून सही केली आहे.

(सही) इंद्रनील शरच्चंद्र पोतनीस

साक्षीदार:
(सही) स्नेहलता जनार्दन फणसे
(सही) जनार्दन फणसे

बडोदे, दि. ११ ऑगस्ट २०२५