तीनशे वीस बाय पन्नास

६ मार्च, सोमवार

आज माझ्या कचरागाडीच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात चालू केली. एकच. पडद्याच्या तळाशी पट्टी — तीनशे वीस बाय पन्नास. वरच्या बटणापासून अंतर आठ बिंदू. सातवर बोट चुकतं, नऊवर नजर पोचत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी मोजलंय.

बायको, बी-युन, म्हणाली, "कचऱ्याची गाडी कुठल्या कोपऱ्यावर आलीय ते बघणारा माणूस जाहिरात कशाला बघेल?" तिला गणित समजावलं. ती भांडी घासत राहिली.

फुकट अ‍ॅपमधून पैसे काढायचे रस्ते चार. पट्टी. पडदाभर जाहिरात. व्हिडिओ बघा नि बक्षीस घ्या. महिन्याची वर्गणी. पडदाभर मी लावणार नाही! दोन्ही हातांत पिशव्या, गल्लीच्या तोंडाशी गाडीची धून, आणि पाच सेकंद बंद करायची फुलीच दिसत नाही — तेवढ्यात गाडी गेली. बक्षीस काय देणार, कचरा? वर्गणीचं तळमजल्यावरच्या ओंग काकूंना विचारलं. "कचरा पण मीच द्यायचा आणि पैसे पण मीच?"

पट्टीच.

९ मार्च

मेहुणा क्वोचांग आला. "दाजी, थडगी झाडायच्या सणापर्यंत जागा ठेवतो. मग दुसरा माणूस बघावा लागेल." जागा म्हणजे गांगशानला त्याच्या कारखान्यात स्क्रू खोक्यात भरायचे. सव्वीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद पडल्यावर लायब्ररीत बसून एकट्यानं प्रोग्रामिंग शिकलो — ते यासाठी! म्हणालो, सणापर्यंत अ‍ॅपमधून घरखर्च निघेना झाला तर येईन.

१४ मार्च

काल चार क्लिक. जाहिरात कंपनीचा नियम जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला: स्वतः दाबायचं नाही, घरच्यांनी दाबायचं नाही. आई म्हणाली, "म्हणजे कुणीतरी दाबल्यावर पैसे मिळतात होय?" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका वाक्यात तत्त्व कळलं. बी-युनला अजून नाही.

१७ मार्च

बावन्न!

२२ मार्च, बुधवार

दोनशे अकरा. बुधवारी गाडी येत नाही, तरी! बहुतेक क्लिक पहाटे पाच चाळीस ते सहा दहा. लोक संध्याकाळच्या कचऱ्याची आखणी पहाटेच करतात असं दिसतं. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बी-युनला आलेख दाखवला. "बरं," म्हणाली.

क्वोचांगला फोन करून दुसरा माणूस बघायला सांगितलं. आवाज जरा जास्तच गोड लागला असावा.

२९ मार्च

जाहिरात कंपनीनं खातं बंद केलं. "अवैध क्लिक." जमलेले पैसे परत घेतले. चार पानी उत्तर पाठवलं, आकृतीसह.

३० मार्च

त्यांचं उत्तर आलं. एक ओळ. निर्णय अंतिम.

माझ्याकडची नोंद उघडली. पहाटेचे फोन अकरा. सगळे एकाच जागी — मात्सूच्या देवळामागची बाग.

३१ मार्च

साडेपाचला बागेत गेलो, वही घेऊन. अकरा बायका रांगेत, समोर आई. "खांदे — चार! कंबर — चार! आता फोन काढा. उजवा अंगठा — दाबा! मागे या. डावा — दाबा!" ओंग काकूसुद्धा.

"अगं, आज चपला आल्यात, छान आहेत," एक जण म्हणाली.

"बघत बसू नकोस, नुसतं दाब. माझा आ-तेक स्क्रू भरायला जायचा नाही."

मी म्हणालो, "आई, नियम वाचून दाखवला होता."

"म्हणून तर मी दाबत नाही. मी फक्त मोजते. ह्या काय घरच्या आहेत?"

नियम तिनं तंतोतंत पाळलाय. खातं बंद झाल्याचं सांगितलं नाही.

३ एप्रिल

पट्टी रिकामी दिसली तर आई विचारणार. म्हणून जाहिराती स्वतःच काढल्या, दहा. काय काढावं सुचेना, गल्लीतलीच दुकानं घेतली. को यांच्या चपला. पंखे दुरुस्ती. कोपऱ्यावरची माशाची पेज. दाबलं की "आभारी आहे" आणि दुकानाचा पत्ता. उत्पन्न शून्य, माप तेच.

बी-युननं बराच वेळ बघितलं. "पंख्याचं एक पातं वाकडं आहे," म्हणाली. सरळ केलं.

५ एप्रिल

सण. बाबांच्या थडग्यावरचं गवत काढलं. आई त्यांना मोठ्यानं सांगत होती, "आपल्या आ-तेकचं छान चाललंय हो." मी मुळापासून उपटत राहिलो.

परत निघताना क्वोचांगला बाजूला घेऊन विचारलं, जागा आहे का. तो म्हणाला, "सोमवारी या, दाजी." हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

डबा, टोपी, हातमोजे काढून ठेवले. आईला सांगितलं, सोमवारपासून अ‍ॅपच्या कामानं बाहेर जावं लागेल.

९ एप्रिल, रविवार

को चपलावाले दारात आले. म्हणे आठवड्यात देवळाकडच्या सात बायका फोन दाखवत आल्या, नऊ जोड गेले. पेजवालाही चौकशी करतोय. "त्या पट्टीचं महिन्याला किती घेता?"

म्हणालो, आत या. आधी चित्राचं माप ऐका.