कोरा रकाना

पोझनान, १९ ऑक्टोबर

प्रिय विटोल्ड,

इतकी वर्षं लिहिलं नाही, माफ कर. मी परीक्षक असलेल्या स्पर्धेत तुझी मुलगी यागोदा आज थोड्या गुणांनी अंतिम फेरीबाहेर राहिली. व्हायोलिन सगळ्यांत सुंदर तिनंच वाजवलं.

परीक्षकानं आपल्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे नसतात. उन्हाळी शिबिरात मी तिला थोडं शिकवलं होतं, म्हणून तिचा रकाना कोरा ठेवला.

शेजारी बसलेले परीक्षक झेनोन म्हणाले, "अहो बाई, तेवढ्यानं कुणी शिष्य होतं का? तुमच्या गुणांनी पोरगी वर आली असती."

ते मला ठाऊक होतं. मी नियम पाळला, की तू मला सोडून जिच्याशी लग्न केलंस तिच्या मुलीला अडवलं? हेच स्वतःला विचारते आहे.

हालिना

माझ्यासाठी टीप, उद्या: तिचं वादन मला कसं वाटलं, ते यागोदाला सांगायचं.