आज फक्त हिरवं बटण

३ फेब्रुवारी
व्हिडिओ कॉल पुन्हा नाही लागला! दोनदा वाजतो नि बंद. तोमोएला अर्धांगाचा झटका आला, ॲम्ब्युलन्समध्ये घातली, तेवढंच तिला शेवटचं पाहिलं. इस्पितळात फ्लूची साथ, भेटी बंद. बायकोला बघायचं तर म्हणे फोनच्या पडद्यावर. ह्या वयात माझ्या नशिबी हे चकचकीत डबडं!

४ फेब्रुवारी
जन्मभर कारखान्यात पोरांना कायझेन शिकवलं – रोज एकच गोष्ट, पण कालच्यापेक्षा बरी. आता तेच स्वतःवर. आज फक्त हिरवं बटण ओळखायचं. बस्स.

७ फेब्रुवारी
टेबलावर चिकटपट्टी लावून फोनची जागा आखली. आधी चष्मा, मग फोन. सुधारणा आहे. कॉल मात्र बंद.

१३ फेब्रुवारी
बोटं कोरडी, काच ऐकत नाही. बोट ओलं करून दाबलं. वाजला... बंद. फार थकलो. मिसो सूपही केलं नाही, उमेबोशीबरोबर, खारवलेल्या आंबट प्लमबरोबर, भात गिळला. शेजारच्या हिसामीला विचारावं? नको. तिला कशाला त्रास.

१९ फेब्रुवारी
सकाळी दात घासताना कारखान्यातली ती दोरी आठवली. आमच्या लाइनीवर प्रत्येकाच्या डोक्यावर असायची. काही अडलं की ओढायची, अख्खी लाइन थांबायची. ओढणाऱ्यावर मी कधी ओरडलो नाही, उलट आभार मानायचो. आणि स्वतः मात्र लाजत बसलोय!
गेलो हिसामीकडे. मान खाली घालून फोन पुढे केला. तिने दोनदा लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, "काका, तुमचं काहीच चुकत नाहीये. पलीकडून कुणीतरी बंद करतंय."

२० फेब्रुवारी
इस्पितळाच्या कचेरीत साधा फोन केला. नर्स आधी टाळत होती. मग म्हणाली, "आजीच बंद करतात हो. तोंड वाकडं झालंय ना. म्हणतात, ह्यांनी मला असं बघायचं नाही."
जे बिघडलंच नव्हतं ते मी रोज सुधारत बसलो होतो. रडलो. निरोप ठेवला – तोंड नको दाखवूस, छत दाखव. मला चालेल.

२२ फेब्रुवारी
लागला! पडद्यावर नुसतं पांढरं छत. मी छताशीच बोललो – अंगणातलं प्लम फुललं, तुझी आवडती कढई मी करपवली. बाजूने बोबडा आवाज आला, "बावळट!"

२६ फेब्रुवारी
आज छताच्या कडेला तिचं कपाळ दिसलं.