अवोन्डेलमधला वन्स मोअर

प्रिय हिराआत्या,

आज इथे परदेशात, आमच्या अवोन्डेल उपनगराच्या हॉलमध्ये मी नाटकात स्पॅनिश गायिका झाले! नाटकातली अम्पारो जत्रांत लोकगीतं गाते, बाप तिला घराबाहेर काढतो आणि पुढे ती सिनेमा गाजवते. तुझीच गोष्ट गं, फक्त झगा वेगळा. शेवटच्या गाण्याला मी कमरेवर मूठ ठेवली, अगदी तुझ्यासारखी. तुझे सिनेमे पप्पांपासून चोरून बघत शिकलेली!

गाणं संपलं आणि पप्पाच उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!" गोरे प्रेक्षक बघतच राहिले. तू तमाशात गेलीस म्हणून सख्ख्या बहिणीचं नाव टाकलेला माणूस ढसाढसा रडत होता. मी पुन्हा गायले, आणखी वरच्या सुरात.

हे पत्र आता पाठवत नाही. पप्पा शेजारच्या खोलीतून तुला फोन लावतायत. उचल गं.

तुझीच भाची,
निशा