काठीची मूठ आणि सात इंची पटाशी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
सासऱ्यांच्या काठीची मूठ काल जिन्यात फुटली. काठीशिवाय त्यांना दोन मजले उतरवत नाहीत. ही म्हणाली, दुकानातून नवी काठी आणते. साफ नाही म्हटलं. स्वतःचा लेथ असलेला जावई घरात असताना विकतची काठी? मूठ मीच करणार. उद्यापर्यंत.
सासऱ्यांनी चाळीस वर्षं लेथवर लाकडाचं कातकाम केलंय. त्यांनी त्यांची अरुंद पटाशी दिली. मूठ तयार झाली की लाकडापासून कापून वेगळी करायला. लांबी सात इंच. मला धार किंचित बोथट वाटली. तेवढी लावतो, बाकी किरकोळ.

४ मार्च
पटाशी इतकी अरुंद की ग्राइंडरवर कलते. धार तिरकी आली. उलट बाजूने घासली. आता तिकडे तिरकी. सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बघत होते. काही बोलले नाहीत, म्हणजे पद्धत बरोबर आहे. सव्वासहा इंच.

५ मार्च
टोक निळं पडलं. रंग छान आहे.
ही म्हणाली, बाबा म्हणतात, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, धार टिकत नाही, शेजारी मगात पाणी ठेवून सारखं बुडवत राहा. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, जावयाला कसं शिकवायचं, तेही त्याच्याच घरात राहून. फार संकोची माणूस.
पाण्याचा मग ठेवला. कामाच्या नादात चहा समजून घोटभर प्यालो. निळा भाग घासून काढला, तर पुढचा निळा पडला. पाच इंच.

६ मार्च, गुरुवार
सासऱ्यांचे बागेतले मित्र, रिटायर्ड पोस्टमास्तर, रविवारी दहाला मुलाकडे चाललेत. कायमचे. सहा वर्षं दोघं रोज एकाच बाकावर बसायचे. पोस्टमास्तरांच्या गुडघ्यांना आमचा जिना झेपत नाही. सासरे म्हणाले, शनिवारपर्यंत काठी झाली तर बरं, नाही झाली तरी हरकत नाही. म्हटलं, उद्याच घ्या. डेडलाइन असली की माझं काम खुलतं.

७ मार्च
ऑफिस. वेळच नाही. धार लावण्याचा व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला. तो माणूस माझ्यासारखंच करतो. फक्त त्याला जमतं.

८ मार्च, शनिवार
दिवसभर धार. साडेतीन इंच. आखूड हत्यारावर पकड चांगली बसते. लाकूड अजून चौकोनीच आहे, पण ते अर्ध्या तासाचं काम. ही बोलत नाहीये.

९ मार्च, रविवार. सकाळी ९.३०
धार जवळजवळ आली. ही म्हणाली, मी बाबांना हात धरून खाली नेते. म्हटलं, कशाला, काठी टेकत ऐटीत जातील, पंधरा मिनिटं द्या. सासरे शर्टाची इस्त्री सांभाळत पुन्हा खुर्चीत बसले. एक शेवटचा हात मारतो.

सकाळी ११.१५
पोस्टमास्तर टॅक्सी थांबवून आमच्या गॅलरीखाली आले होते. हाका मारत होते म्हणे. सासरे कठड्याला धरून वरून बोलत होते. माझ्या ग्राइंडरच्या आवाजात एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नाही. शेवटी दोघांनी नुसते हात हलवले. मी पाठमोरा, कानावर इअरमफ. हिने खांदा हलवला तेव्हा टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती.
फार लाज वाटली. सॉरी म्हटलं. संध्याकाळी मूठ नक्की, असंही म्हटलं.
सासऱ्यांनी पटाशी मागून घेतली, अंगठ्याने धार पाहिली. म्हणाले, छान लागलीय. आणि काठीची आता काही घाई नाही.