मोहाखाली पडलेला चेंडू

कोरपना. रविवार, एप्रिल १९८६

आज सकाळी शेवटी राहवलं नाही. सिमेंट कॉलनीत बदली झाल्यापासून अंगणात मासे धरायचं जाळं टांगून गोल्फ खेळतोय. खेळतोय म्हणजे काय, चेंडू चार हात जाऊन जाळ्यात पडतो आणि प्रत्येक फटका मला सरळच वाटतो. कामठीचं गोल्फचं हिरवं मैदान काही डोळ्यांपुढून जात नाही.

तर आज एक चेंडू खिशात घालून कॉलनीमागच्या माळावर गेलो आणि मारला. काय उडाला! मग उजवीकडे वळला आणि मोहाखाली गडप. खाली पांढरट फुलांचा सडा, त्यात पांढरा चेंडू शोधायचा कसा? फुलं वेचणारी बाई टोपलीत हात घालून म्हणाली, "हा तुमचा होय का, भाऊ? मले वाटलं, एवढं मोठं फूल कुठून पडलं!"

म्हणजे माझा फटका वळतो. जाळ्यानं कधी कळू दिलं नाही. तरी वाईट कुठे वाटलं? चेंडूमागे चालायला मिळालं, किती दिवसांनी!

चेंडूला मोहाचा वास लागलाय. संध्याकाळी सवयीनं जाळ्यापुढे उभा राहिलो, चेंडू ठेवला, स्टिक उचलली. नाही मारला. उशाशी ठेवलाय. अजून वास येतोय.