सदाचा माइक

कुंडल, गुरुवार संध्याकाळ

हॅम रेडिओवरचा माझा जुना दोस्त सदा गेल्यावर त्याच्या बायकोनं पाटणहून पाठवलेला जुना माइक आज चौथ्या दिवशीही माझ्या वाल्व्हच्या ट्रान्समीटरवर मुकाच. जुळणीच चुकली असेल म्हणून उगाच वायरी बदलत बसलो. शेवटी माइक उघडला. आवाज पकडणारा आतला स्फटिक एका प्रकारच्या मिठाचा असतो, तो तिकडच्या दमट हवेत कधीच विरघळला होता. बोटाला नुसता खारट चिकटा लागला.

तेवढ्यात वहिनींचा फोन. "आवं भावजी, ह्यांचा माइक बोलला का?"

"व्हय वहिनी, लय झ्याक बोलतोय." असं का म्हणालो मी?

"मग रविवारी ह्यांचा सेट लावून बसते. तुमी बोला."

हात दोनदा धुतला, तरी बोट खारटच वाटतंय. रविवारी मी माझ्याच माइकवरून बोलीन, आणि वहिनी तो सदाचा समजून ऐकतील.